महिन्याला तीन माणसं: कर्तबगारांसाठी मानसिक तंदुरुस्तीच्या कोचिंगचा व्यवसाय कसा उभा करायचा

पहिल्या भेटीत बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: ‘तसं सगळं व्यवस्थित चाललंय.’ मग हळूहळू बाकीचं बाहेर येतं. पहाटे साडेतीनला जाग येते आणि परत डोळा लागत नाही. ज्या पदासाठी दहा वर्षं झिजलो ते मिळालं, आणि आनंद जेमतेम त्याच संध्याकाळपर्यंत टिकला. मुलगी काहीतरी सांगत होती, आपण मान डोलावत होतो, पण तिनं काय सांगितलं ते आता आठवत नाही. बोलणारी व्यक्ती शल्यविशारद असेल, कंपनीची संस्थापक असेल, खेळाडू असेल किंवा रोज न्यायालयात उभी राहणारी वकील. तिच्या कामाला कुणी बोट लावू शकत नाही, म्हणूनच तिची अवस्था कुणाच्या लक्षात येत नाही.

अशा माणसांसोबत मी बरीच वर्षं काम करते आहे. हा व्यवसाय सुरू करू पाहणारे समुपदेशक, डॉक्टर, क्रीडा प्रशिक्षक आणि कंपन्यांतल्या मनुष्यबळ विभागात मुरलेली माणसं मला नेहमी विचारतात की सुरुवात कुठून करायची. त्यांना मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. या माणसांना आणखी एक सवय, आणखी एक ॲप, आणखी एक तंत्र देणं सोपं असतं, कारण दिलेलं सगळं ती करून दाखवतात. त्यांच्या भरगच्च दिवसातून काहीतरी काढून घेणं खरं अवघड. ज्या कोचला ते जमतं, त्याच्याकडे माणसं टिकतात.

पहिली पायरी: आपण कुठे थांबायचं ते ठरवा

नाव, वेबसाइट, फी या सगळ्याच्या आधी एका कागदावर लिहा की कोणत्या गोष्टी माझ्या कामात येत नाहीत. कोच निदान करत नाही, उपचार करत नाही, चालू असलेल्या औषधांबद्दल मत देत नाही. अनेक देशांत ‘मानसशास्त्रज्ञ’ किंवा ‘थेरपिस्ट’ अशा पदव्या कायद्याने राखीव असतात. ‘कोच’ हा शब्द मात्र सहसा कुणीही आपल्या नावापुढे लावू शकतो. त्यामुळे रेषा आखण्याचं ओझं आपल्यावरच येतं. जिथे व्यवसाय करणार तिथले नियम वाचा, शंका असेल तर वकिलाला विचारा, आणि मगच पाटी लावा.

बर्नआउटचं उदाहरण घ्या, कारण तुमच्याकडे येणारे निम्मे लोक हाच शब्द घेऊन येतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेला आणि नीट हाताळता न आलेला ताण, त्यातून येणारी ही अवस्था, असं तिथे म्हटलं आहे. तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि कामातली परिणामकारकता घटणं. इथे कोचला करण्यासारखं पुष्कळ आहे. पण नैराश्य कामापुरतं राहत नाही. ते सुट्टीवर सोबत येतं, आवडत्या गोष्टींची चव घालवतं, भूक आणि झोप बिघडवतं, स्वतःबद्दल अपराधीपणा वाढवतं. अशा खुणा दोन आठवड्यांहून जास्त काळ दिसत असतील तर तो माणूस आधी तज्ज्ञाकडे जायला हवा.

हे ओळखायला सुरुवातीलाच एखादी साधी प्रश्नावली वापरा. मी डब्ल्यूएचओ-५ वापरते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं असतात, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की ० ते १०० मधला आकडा मिळतो. तो ५० किंवा त्याखाली असेल तर पुढची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी, असा त्याचा सर्वसाधारण वापर आहे. नैराश्याच्या चाळणीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावलीही सर्रास वापरली जाते, पण ती हातात घेण्याआधी एक विचार करा. तिचा नववा प्रश्न मरून जावं असं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो प्रश्न विचारायचा तर उत्तर लगेच वाचण्याची आणि त्याच दिवशी हालचाल करण्याची तयारी हवी. ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायचा आणि चार दिवसांनी उघडायचा, हे अक्षम्य आहे.

आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट शब्दांत विचारायला शिका. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जातो ही भीती निराधार आहे, उलट विचारल्यावर अनेकांना मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर सत्र तिथेच बाजूला ठेवा. माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या व्यक्तीला सोबत घ्या आणि तातडीच्या मदतीपर्यंत पोचवा.

उलट्या दिशेची एक खूण नवे कोच हमखास चुकवतात. क्लायंट सांगतो की हल्ली तीन तास झोप पुरते, थकवा अजिबात नाही, डोक्यात एकाच वेळी पाच नवे उद्योग सुरू आहेत, पैसे भराभर गुंतवतो आहे. ऐकताना वाटतं की आपलं कोचिंग लागू पडलं. पण झोपेची गरज अचानक कमी होणं आणि त्यासोबत उत्साह उतू जाणं ही बायपोलर विकाराची सुरुवातही असू शकते. असं दिसलं तर कौतुक करू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा.

आणि थकवा म्हणजे मनाचाच, असं धरून चालू नका. सुरुवातीच्या काळात एका क्लायंटसोबत मी सहा आठवडे झोपेच्या सवयींवर काम केलं. वेळा बदलल्या, स्क्रीन बंद केले, खोली अंधारी केली. सकाळचा थकवा तसाच. शेवटी डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की झोपेत श्वास अडकत होता, म्हणजे स्लीप ॲप्निया होता. ते सहा आठवडे माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून माझा नियम आहे: सतत थकवा असेल तर पहिल्या महिन्यातच थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि झोपेत घोरणं या तीन गोष्टींबद्दल डॉक्टरांशी बोलून या, बाकीचं आपण सोबत सुरू ठेवू.

आता दुसरा कागद घ्या. त्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ, दोन क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा अनुभवी समुपदेशक आणि एक फिजिशियन यांची नावं लिहा. या सगळ्यांना प्रत्यक्ष भेटा. त्यांच्याकडे वेळ किती दिवसांनी मिळते, तातडीच्या वेळी फोन घेतात का, हे माहीत हवं. क्लायंटला पाठवताना वाक्य साधं ठेवा: ‘तुम्ही जे सांगताय त्यासाठी माझ्यापेक्षा योग्य माणूस मला माहीत आहे. मी त्यांना ओळखते. तुम्ही म्हणालात तर आत्ताच वेळ घेऊया. तुम्हाला आणि त्यांना चालणार असेल तर आपलं काम त्यांच्या उपचारांसोबत पुढे नेऊ.’ नुसता नंबर हातात ठेवला तर ही माणसं फोन करत नाहीत. त्यांनी आयुष्यभर स्वतःचे प्रश्न स्वतः सोडवलेले असतात.

दुसरी पायरी: एकच गट निवडा आणि त्याचा दिवस समजून घ्या

‘यशस्वी लोक’ असा काही एक गट नसतो. संस्थापकाचा दिवस त्याच्या हातात असतो पण रात्र नसते. शल्यविशारदाला दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये दहा मिनिटं मिळतात आणि त्यांवरही त्याचा ताबा नसतो. खेळाडूचं अख्खं वर्ष दोन-तीन स्पर्धांभोवती बांधलेलं असतं. तुम्ही ज्या जगातून आलात तिथला गट आधी घ्या. त्या जगाची भाषा, तिथली भीती आणि तिथे कशाला लाज मानतात हे तुम्हाला शिकावं लागणार नाही.

गट कुठलाही असो, काही धागे सारखे दिसतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांबद्दल लिहिताना ‘इम्पोस्टर’ अनुभवाची मांडणी केली: पुरावे समोर असूनही आपण या जागेला लायक नाही आणि एक दिवस आपलं बिंग फुटेल अशी धास्ती. ती पुरुषांतही भेटते. दुसरा धागा परिपूर्णतेच्या हट्टाचा. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार वेगळे केले: स्वतःकडून परिपूर्णता मागणारा, इतरांकडून मागणारा, आणि जग आपल्याकडून ती मागतं असं मानणारा. मला यातला तिसरा प्रकार सर्वांत जड वाटतो, कारण तिथे माणूस कितीही चढला तरी समोरचा परीक्षक उठून जात नाही.

तिसरा धागा मी रोज पाहते. हे लोक विश्रांतीचंही लक्ष्य करून टाकतात. ध्यान सुरू केलं तर सलग किती दिवस झाले ते मोजतात. झोप मोजणारं घड्याळ घेतलं तर गुण कमी आले म्हणून काळजीत पडतात आणि त्या काळजीने झोप उडते. झोपेच्या आकड्यांच्या अशा ध्यासाला संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं. अशा माणसाला मी पहिल्यांदा घड्याळ काढून ठेवायला सांगते.

अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण क्लायंटच बरेचदा काढतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, तिने सांघिक अंतिम फेरीतून मधूनच माघार घेतली. हवेत असताना शरीराची दिशाच कळेनाशी होत होती, आणि जिम्नॅस्टिक्समध्ये त्या अवस्थेत उडी मारणं म्हणजे मान मोडण्याचा धोका. काही दिवसांनी ती परत आली आणि बीमवर कांस्यपदक घेऊन गेली. ही गोष्ट मला आवडते ती पदकासाठी नाही. थांबायचं कधी हे ओळखणंही तिच्या कौशल्याचाच भाग होतं, हे क्लायंटला तिच्यात दिसतं, आणि मला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी: स्वतःची तयारी

प्रमाणपत्राशिवायही काम मिळतं, पण प्रशिक्षणाशिवाय काम करू नका. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या १९९५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या पायऱ्यांवरून तयारीचा अंदाज येतो. पहिल्या, एसीसी या पातळीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. पुढच्या पीसीसी पातळीसाठी १२५ आणि ५०० तास. सर्वांत वरच्या एमसीसीसाठी २०० आणि २,५०० तास. कंपन्यांकडून काम घ्यायचं असेल तर पीसीसीच्या दिशेने चाला, कारण निवड करणारे अनेकदा तेच विचारतात.

त्याशिवाय मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग शिका. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये व्यसनांवर काम करताना ही पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. माणसाला बदलायचंही असतं आणि नकोही असतं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं असं मानून ती चालते. कर्तबगार माणूस तुमच्यापेक्षा चांगला वाद घालतो. त्याला पटवायला गेलात की हरलात. बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत.

आणि स्वतःसाठी सुपरव्हायजर शोधा. महिन्यातून किमान एकदा अनुभवी व्यक्तीसमोर आपली अवघड सत्रं, नाव न सांगता, मांडायची. मोठ्या पदावरच्या माणसासमोर बसल्यावर आपणही थोडे दबतो, त्याच्या मर्जीतलं बोलू लागतो, आणि ते आपलं आपल्याला दिसत नाही.

चौथी पायरी: कार्यक्रमाची रचना

‘सर्वांगीण’ या शब्दाचा अर्थ सगळं एकदम करायचं असा घेतला की कार्यक्रम तिसऱ्या आठवड्यात कोसळतो. झोप, हालचाल, लक्ष, भावना, नाती आणि कामाचा अर्थ या सहा बाजू तुम्ही पाहायच्या. काम मात्र एका वेळी एकीवरच करायचं. नकाशा पूर्ण हवा, चालायचं एकाच वाटेने.

माझी रचना साधारण चार महिन्यांची, दहा सत्रांची आहे. पहिलं सत्र दीड तासाचं, बाकीची तासाभराची. सुरुवातीला दर आठवड्याला भेट, दुसऱ्या महिन्यापासून दोन आठवड्यांनी. त्याहून लहान कार्यक्रमात बदल रुजत नाही आणि त्याहून लांब करारावर सही करायला ही माणसं बिचकतात.

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद. रोज तीन ओळी: कधी झोपलो आणि उठलो, दिवसातला कुठला तास सर्वांत जास्त शोषून गेला, कुठला तास परत देऊन गेला. क्लायंट घाई करतो, ‘उपाय कधी?’ म्हणतो. तिथे ठाम राहा. या नोंदींतून जे दिसतं ते पहिल्या मुलाखतीत कधीच सांगितलं जात नाही. एका संस्थापकाच्या चौदा दिवसांच्या नोंदीत शोषणारा तास रोज एकच निघाला, संध्याकाळी सहा ते सात. त्या तासात तो सगळ्यांची कामं पुन्हा तपासत होता. त्याने कधी त्याला अडचण म्हटलंच नव्हतं, तो त्याला जबाबदारी म्हणत होता.

तिसऱ्या आठवड्यापासून वजाबाकी. माझा प्रश्न ठरलेला असतो: ‘पुढच्या महिन्यात यातलं काय तुम्ही करणं सोडलंत तर आकाश कोसळणार नाही?’ बरेच जण सुरुवातीला एकही गोष्ट सांगू शकत नाहीत. मग प्रयोग लहान करा. आठवड्यातली एक बैठक सोडा. रात्री दहानंतरचे संदेश सकाळी वाचा. आठवडाभरानंतर पाहा की नेमकं काय बिघडलं. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, आणि ही गोष्ट क्लायंटला कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त हलवते. कधी खरोखर बिघडतं. तेव्हा ते काम परत घ्यायचं, त्यात हार नाही, माहिती मिळाली.

जागा मोकळी झाल्यावरच भर घाला, आणि ज्या गोष्टींना आधार आहे त्याच घाला. प्रौढ माणसाला सात तास किंवा जास्त झोप हवी, ही अमेरिकेतल्या निद्रावैद्यक संस्थांनी २०१५ मध्ये दिलेली शिफारस आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात आणि माणसागणिक हा काळ बराच बदलतो, म्हणून संध्याकाळचा कप सकाळी ढकलून पाहावा. सादरीकरणाआधी किंवा सामन्याआधी मिनिटाला सुमारे सहा श्वास, सोडणं घेण्यापेक्षा जरा लांब, असे पाच मिनिटं. एवढंच. याहून जास्त यादी दिलीत तर क्लायंट ती सगळी करेल आणि तुम्ही त्याला आणखी एक नोकरी दिलेली असेल.

सवय लावताना मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं ‘जर-तर’ नियोजन वापरा. ‘मी फोन कमी वापरेन’ हे चालत नाही. ‘गाडी घरासमोर थांबली की फोन बॅगेत जाईल आणि बॅग दाराजवळच राहील’ हे चालतं. किती दिवस लागतील, असं विचारतील. एकवीस दिवसांची गोष्ट सांगू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला होता, मध्यावर ६६ दिवस. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. परिपूर्णतेच्या मागे लागलेल्या माणसाला मी हे आवर्जून सांगते, कारण एक दिवस चुकला की सगळं सोडून देणारे तेच असतात.

प्रगती मोजायला डब्ल्यूएचओ-५ सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. त्याच्यासोबत क्लायंटच्या स्वतःच्या शब्दांतलं एक माप हवं. ‘आठवड्यातल्या किती संध्याकाळी मुलांशी बोलताना फोन हातात नव्हता’ हे माझ्या एका क्लायंटचं माप होतं. आकडा शून्यापासून चारपर्यंत गेला, आणि मी त्याला पाचवर न्यायचा प्रयत्न केला नाही.

पाचवी पायरी: करार आणि गुप्तता

या गटाला तुमच्याकडून सर्वांत जास्त हवी असते ती गुप्तता. तिच्याबद्दल तोंडी आश्वासन पुरत नाही, लेखी हवं. करारात हे सगळं साध्या भाषेत असावं: सेवा काय आहे आणि काय नाही, सत्रं किती, फी कधी, सत्र रद्द करायचं तर किती तास आधी, नोंदी कुठे आणि किती काळ ठेवल्या जातील, आणि गुप्तता कधी मोडावी लागेल. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश, हे अपवाद पहिल्याच भेटीत वाचून दाखवा. नंतर सांगितले तर ते फसवणुकीसारखे वाटतात.

कंपनी पैसे भरत असेल तर खरा पेच असतो. वरिष्ठ विचारतात, ‘काय म्हणतोय तो? टिकेल ना?’ विचारण्यामागे बहुधा काळजीच असते. पण तुम्ही एक वाक्य जरी बोललात तरी सगळं संपलं. म्हणून काम सुरू होण्याआधी कंपनी, क्लायंट आणि तुम्ही, तिघांची एक बैठक घ्या. कंपनीला काय कळेल ते तिथेच लिहून काढा: सत्रं झाली की नाही, एवढंच. उद्दिष्टं आणि प्रगतीबद्दल बोलायचं असेल तर ते क्लायंट स्वतः बोलेल, तुम्ही हजर राहाल. कंपनीला हे मान्य नसेल तर काम नाकारा. मी दोनदा नाकारलं आहे, त्यातल्या एका वेळी हातात दुसरं काहीही नव्हतं.

नोंदी त्रोटक ठेवा. नावाऐवजी खूण वापरा, पासवर्ड लावलेली फाइल, आणि वैयक्तिक फोनवरच्या चॅटमध्ये भावनिक तपशील अजिबात नकोत. क्लायंट दुसऱ्या देशातला असेल तर तिथले माहिती-संरक्षणाचे नियमही तपासा. युरोपातल्या रहिवाशांसोबत काम केलं तर २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा तुम्हालाही लागू होऊ शकतो.

सहावी पायरी: आकडेमोड

वर्षाचे ४४ आठवडे कामाचे धरा, उरलेले सुट्टी, आजारपण आणि शिकण्याचे. आठवड्याला १२ सत्रांपेक्षा जास्त नको. एका तासाच्या सत्रामागे तयारी, नोंद आणि मन रिकामं करायला लागणारा वेळ धरला तर तेवढ्यात आठवडा भरतो. ४४ गुणिले १२ म्हणजे ५२८ जागा. त्यातल्या ७० टक्के भरतील असं सावधपणे धरलं तर साधारण ३७० सत्रं. प्रत्येकाची दहा सत्रं, म्हणजे वर्षाला ३७ माणसं. महिन्याला तीन.

हा आकडा मी मुद्दाम भिंतीवर लावून ठेवला होता. पहिल्या वर्षी मी हजारो लोकांपर्यंत पोचायच्या मागे लागून दमले होते, आणि मला प्रत्यक्षात लागत होती महिन्याला तीन माणसं.

फी काढताना वर्षाला घरात लागणारे पैसे, व्यवसायाचा खर्च आणि कर यांची बेरीज करा आणि तिला ३७ ने भागा. येईल ती एका कार्यक्रमाची किमान फी. तासाचा दर लावू नका. तासाने पैसे घेतले की क्लायंट प्रत्येक सत्राचा हिशोब करतो आणि काम नाजूक वळणावर आलं की नेमकं तेव्हाच सत्र टाळतो. निम्मी रक्कम सुरुवातीला, निम्मी मध्यावर. पहिल्या चार-पाच जणांसाठी फी कमी ठेवायला हरकत नाही, पण फुकट काम करू नका, आणि ही सवलत कधी संपणार ते आधीच सांगा.

सातवी पायरी: तीन माणसं येणार कुठून

या व्यवसायात समाधानी क्लायंट तुमची जाहिरात करत नाही. ‘मी मानसिक तंदुरुस्तीसाठी कोचकडे जातो’ असं तो सर्वांसमोर लिहिणार नाही, आणि त्याला तसं लिहायला सांगणंही चूक आहे. पण तो आपल्या एका जवळच्या मित्राला बाजूला घेऊन तुमचा नंबर देतो. हा व्यवसाय त्या कुजबुजीवर उभा राहतो आणि तिला वेळ लागतो, माझ्या बाबतीत जवळपास दीड वर्ष लागलं.

तोपर्यंत करायची कामं अशी. तुमच्या गटातल्या माणसांच्या छोट्या बैठकांत, पंधरा-वीस जणांसमोर, एकाच विषयावर बोला, उदाहरणार्थ मोठ्या यशानंतर येणारं रितेपण. प्रेरणादायी भाषण नको, त्यांनी ती भरपूर ऐकलेली असतात. दर पंधरवड्याला एक खरा लेख लिहा, ज्यात एकच प्रश्न नीट सोडवलेला असेल. आणि ज्यांच्याकडे ही माणसं आधीच जातात अशा व्यावसायिकांना भेटा: फिजिओथेरपिस्ट, फिजिशियन, करसल्लागार, कौटुंबिक वकील. कुणी माणूस पाठवला तर कमिशन देऊ नका, तुम्ही पाठवलात तर घेऊ नका. क्लायंटला एक दिवस ते कळतं.

जाहिरातीत ‘चिंता दूर करतो’, ‘नैराश्य बरं करतो’, ‘नव्वद दिवसांत कायापालट’ असं काहीही लिहू नका. ते खोटं आहे, आणि पहिल्या पायरीवरची रेषा तिथेच पुसली जाते.

ओळखीचा फोन पंचवीस मिनिटांचा ठेवा. मी तीन गोष्टी विचारते: आत्ताच का, याआधी काय करून पाहिलं, आणि हे काम यशस्वी झालं तर घरात सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येईल. शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. ती शांतता भरून काढू नका. ज्याला वरिष्ठांनी पाठवलंय आणि स्वतःला काहीही नकोय, ज्याला अजून कमी झोपेत जास्त काम करायचं तंत्र हवंय, किंवा ज्याला आत्ता उपचारांची गरज आहे, अशांना त्याच फोनवर प्रेमाने नाही म्हणा आणि योग्य दिशा दाखवा.

आठवी पायरी: बाकीची व्यवस्था

यात फार वेळ घालवू नका. व्यवसायाचं वेगळं बँक खातं, व्यावसायिक दायित्वाचा विमा, सुरक्षित व्हिडिओ कॉल, वेळ ठरवायला एखादं साधं सॉफ्टवेअर, आणि आवाज बाहेर जाणार नाही अशी खोली. लोगो नंतर.

काम वाढलं की गटाचा विचार करा. सहा ते आठ जण, एकाच व्यवसायातले पण एकमेकांचे स्पर्धक नसलेले. ‘हे मला एकट्यालाच होत होतं असं वाटायचं’ हे वाक्य गटात पहिल्याच दिवशी ऐकू येतं, जे ऐकायला एकास एक सत्रांत कधी कधी दोन महिने जातात. गुप्ततेचे नियम मात्र इथे दुप्पट कडक हवेत आणि प्रत्येकाची सही हवी.

नववी पायरी: शेवट करायला शिका

हे प्रशिक्षणात फारसं शिकवत नाहीत. दहा सत्रं संपत आली की क्लायंट म्हणतो, ‘असंच सुरू ठेवू, मला बरं वाटतं.’ पैशांच्या दृष्टीने हे मोहात पाडणारं असतं. पण सवयीने भेटत राहिलात तर त्याच्या भरगच्च आठवड्यात तुम्हीही एक बैठक होऊन बसता.

आठव्या सत्रात शेवटाचा विषय तुम्हीच काढा. नवव्यात क्लायंटकडून एक पान लिहून घ्या: माझा तोल जाऊ लागला की सर्वांत आधी काय दिसतं, तेव्हा मी काय सोडायचं, कुणाला फोन करायचा. दहाव्यात पहिल्या दोन आठवड्यांच्या त्या तीन ओळींच्या नोंदी परत उघडा आणि सोबत वाचा. मी यावेळी जवळजवळ काहीच बोलत नाही. तीन महिन्यांनंतरची अर्ध्या तासाची एक भेट तारखेसह तिथेच ठरवा, तिची फी कार्यक्रमात आधीच धरलेली असावी. मधल्या काळात तुम्ही होऊन फोन करू नका. तीन महिन्यांनी तो येईल तेव्हा ते पान सोबत आणायला सांगा आणि विचारा की ते किती वेळा उघडलं. कधी उत्तर येतं, ‘एकदाच, आणि त्या आठवड्यात मी दोन बैठका रद्द केल्या.’ तेव्हा मी फाइल बंद करते.